शेती शिकवणाऱ्या नव्या शिक्षकाचे पहिले वर्ष





यंदा जूनमध्ये आपल्या शाळेत शेती व बागकाम शिकवण्यासाठी एक नवे शिक्षक रुजू झाले आहेत. खान्देशातून कृषी पदवी घेऊन आलेला हा तरुण आहे. वर्षाच्या पहिल्याच पालक सभेत त्यांची ओळख करून दिली, तेव्हा मला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला एका पालकांनी सभेत उभे राहून विचारला, "सर, शेती परवडेना म्हणून आम्ही गाव सोडून सुरतेला आलो. आता इथेही पोरांना शेतीच शिकवणार का?" दुसरा प्रश्न एका विश्वस्तांनी सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारला, "हे तरी टिकतील का?"

पहिल्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो. आजचा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे, कारण त्यातला 'तरी' हा शब्द मला फार लागला. तो लागावा असाच होता. कारण पुढे येईलच.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझे शिक्षण मध्य प्रदेशात, निमाड भागात झाले. घरी मराठी, शाळेत हिंदी, पदवीही हिंदी माध्यमातून. त्या राज्यात अकरावी-बारावीला कृषी हा वेगळा गट घेता येतो. अशाच एका शाळेत मी कृषी शिक्षक म्हणून नोकरीला लागलो. शाळेकडे दोन एकर काळी जमीन होती, एक बैलजोडी होती आणि शेतावर एक वयस्क गडी होते. सगळे त्यांना काका म्हणत.

जूनअखेर पहिला दमदार पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. मी वर्गात जमिनीतील ओलाव्याचा धडा शिकवून मुलांची रांग घेऊन शेतावर गेलो आणि वखर जुंपायला सांगितले. काका एवढेच म्हणाले, "साहब, अभी बतर नहीं आई." मला वाटले, म्हाताऱ्याला काम टाळायचे आहे. मुलांसमोर माघार कशी घ्यायची, म्हणून मी हट्टाने वखर चालवायला लावला. बैलांचे पाय रुतू लागले, वखराला मातीचे लगदे चिकटले. पुढच्या दोन दिवसांच्या उन्हात त्या ओल्या उकरलेल्या मातीची दगडासारखी ढेकळे झाली. त्यातच आम्ही सोयाबीन पेरले. उगवण इतकी विरळ झाली की शेताशेजारच्या रस्त्याने जाणारे लोक थांबून हसत. बियाण्याच्या खर्चाबाबत मला लेखी खुलासा द्यावा लागला. वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच 'बतर' म्हणे आणि सगळा वर्ग खिदळे. मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. रात्री खोलीवर बसून राजीनाम्याचा मसुदा मी दोनदा लिहिला होता.

एके सकाळी काकांनीच मला हाक मारली. पुन्हा पाऊस होऊन गेला होता. त्यांनी चार बोटे खोलीवरची मूठभर माती काढली, तिचा लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. लाडू थप्पकन चपटा होऊन बसला. "आज नहीं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी लाडू पडताच भुसभुशीत फुटून मोकळा झाला. "आज." माझ्या पुस्तकात या गोष्टीची व्याख्या होती, टक्केवारी होती, आलेखही होता. हाताला ती त्या दिवशी कळली.

काकांना शाळेने माझे मार्गदर्शक म्हणून नेमले नव्हते. त्यासाठी त्यांना एक पैसाही मिळत नव्हता. ते नसते तर मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो असतो तो परत आलो नसतो. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आले की ज्या माणसामुळे मी शिक्षक म्हणून टिकलो, तो शाळेच्या हजेरीपटावर शिक्षक म्हणून नव्हताच.

विद्यार्थी मित्रांनो, 'बतर' या शब्दाला आपला मराठी शब्द आहे 'वापसा' आणि आपल्या सुरतेकडचे गुजराती शेतकरी 'वराप' म्हणतात. एकच गोष्ट, तीन भाषांत तीन नावे. शेतीच्या शिक्षकाची निम्मी अडचण इथेच असते. त्याने महाविद्यालयात इंग्रजीतून शिकलेले असते, पाठ्यपुस्तक मराठीत, तुमच्या घरात अहिराणी आणि बियाणे विकणारा दुकानदार बोलणार गुजराती. मी सुरतेत आलो तेव्हा माझीही फजिती झाली होती. हिवाळ्यात एकदा वर्गात म्हणालो, "पाल्यापासून पिकाचे रक्षण केले पाहिजे." हिंदीत 'पाला' म्हणजे थंडीने पडणारे दहिवर, ज्याने पीक करपते. मराठीत 'पाला' म्हणजे झाडाची पाने, हे मी त्या क्षणी विसरलो. पहिल्या बाकावरचा एक मुलगा अतिशय गंभीरपणे उभा राहून म्हणाला, "सर, पाल्य म्हणजे आम्हीच ना?" त्याचे बरोबरच होते. प्रवेशअर्जावर आम्ही 'पाल्याचे नाव' असेच छापतो.

आता थोडे अभ्यासाचे बोलू. नवा शिक्षक कोणत्याही विषयाचा असला तरी पहिले वर्ष कठीण जाते. मग शेतीच्या शिक्षकाचे वेगळे काय? गणिताचा तास फसला तर उद्या पुन्हा घेता येतो, आणि तो फसल्याचे वर्गाबाहेर कोणाला कळतही नाही. पेरणी फसली तर त्या पिकाचा हंगाम जातो. शिवाय ती फसल्याचे साऱ्या शाळेला दुसऱ्या मजल्यावरून रोज दिसते. नव्या माणसाची चूक इतकी उघड्यावर आणि इतके दिवस पडून राहणारा दुसरा विषय माझ्या माहितीत नाही.

दुसरे असे की शाळेचे वेळापत्रक आणि मातीचे वेळापत्रक जुळत नाही. गुजरातमध्ये शाळा जूनमध्ये उघडते. प्रवेश, पुस्तके, हजेरीपट, वेळापत्रक यांची धांदल असते आणि नेमका त्याच दिवसांत दक्षिण गुजरातेत पाऊस येतो. नव्या शिक्षकाला मुलांची नावेही पाठ झालेली नसतात, तोच पेरणी दाराशी उभी. दिवाळीत तीन आठवडे शाळा बंद, तेव्हा हिवाळी भाज्यांच्या रोपांना रोज पाणी हवे. मे महिन्यात तर विचारायलाच नको. घंटा वाजली की वर्ग संपतो, वाफ्याला घंटा ऐकू येत नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेतीतले पुष्कळसे ज्ञान हातातून हातात जाते. याचा जगप्रसिद्ध पुरावा आपल्या शहरातच आहे. घोडदोड रोडकडून जाताना अठवा फार्म लागते, तिथले कापूस संशोधन केंद्र १८९६ पासूनचे आहे. याच केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'हायब्रीड-४' हे कापसाचे संकरित वाण तयार केले. व्यापारी लागवडीसाठी आलेले ते जगातील पहिले संकरित कापूस वाण. आपल्या शाळेतील ज्या मुलांचे आजोबा खान्देशात कपाशी लावत, त्यांनी घरी 'एच-४' हे नाव विचारून पाहावे, कदाचित एखादी गोष्ट ऐकायला मिळेल.

या वाणाचे बियाणे कसे तयार होते ते समजून घ्या. 'गुजरात-६७' हे मादी झाड आणि 'अमेरिकन नेक्टरीलेस' हे नर झाड. उद्या उमलणारी मादी झाडावरची कळी आज संध्याकाळी ओळखायची, ती अलगद सोलून आतले पुंकेसर काढून टाकायचे, पण मधल्या नाजूक भागाला नखही लागू द्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग त्यावर हाताने लावायचे. अशी एकेक कळी, एकेक फूल. हे काम शेतावरच्या मजूर बायका आणि पुरुष करतात. कोणती कळी उद्या उमलेल आणि नख किती जोराने लावायचे, हे पुस्तकातून वाचून कोणी शिकलेला नाही. शेजारी उभे राहून, चार कळ्या बिघडवून, कोणाकडून तरी ते शिकावे लागते. शास्त्रज्ञाचा शोध शेतकऱ्यापर्यंत पोचला तो अशा शेजारी उभे राहून शिकवणाऱ्या माणसांमुळे. मग शेती शिकवणाऱ्या शिक्षकाला आपण पहिल्या दिवसापासून एकटे उभे करतो, ते कोणत्या हिशेबाने?

शाळेत शेती आणि हातकाम शिकवण्याचा विचार आपल्या देशात नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसायाच्या आधारे शिक्षणाची योजना मांडली. फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसने ही योजना स्वीकारली, ती कुठे? आपल्या सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथील अधिवेशनात. तिथूनच पुढे हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला. गुजरातेतील बुनियादी आणि उत्तर बुनियादी शाळा याच विचाराच्या आहेत. सुरतेपासून जवळच वेडछीला जुगतराम दवे यांनी आश्रमशाळांचे जे काम उभे केले, त्यात शिक्षक आणि मुले एकाच आवारात राहत, एकत्र काम करत. नवा शिक्षक जुन्या शिक्षकाबरोबर पहाटेच कामाला लागला की वेगळे 'मार्गदर्शन' करावेच लागत नसेल, असे मला वाटते. आपल्या शहरी शाळेत तसे नाही. आपला शिक्षक साडेबाराच्या घंटेला येतो आणि संध्याकाळी बस पकडून घरी जातो. म्हणून जे तिथे आपोआप होत होते, ते इथे ठरवून करावे लागेल.

ठरवून केलेल्या कामाचे मला सर्वांत पटलेले उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी संपवून त्यांनी १९८३ मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार केला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशी प्रत्यक्ष कामे करतात. काम खोटे नसते. मुले गावातील लोकांना माती तपासून देतात, जोडकाम करून देतात, रोपे तयार करून विकतात.

हे शिकवणार कोण? कलबागांनी इथे एक धाडस केले. त्यांनी नुसती पदवी पाहिली नाही. गावातलेच हाताने काम येणारे तरुण त्यांनी निदेशक म्हणून घेतले आणि त्यांना शिकवायला शिकवले. नेहमीच्या शाळेत उलट असते, शिकवता येणारा माणूस असतो आणि त्याला काम येत नाही. दोन्ही प्रकारच्या माणसांना दुसऱ्या बाजूचा एक सोबती हवा, हा मी पाबळच्या कामातून घेतलेला धडा आहे. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. आपल्या दहावीच्या सहलीसाठी दरवर्षी तीच ती ठिकाणे सुचवली जातात. एखाद्या वर्षी पाबळला जायला काय हरकत आहे? असो, तो वेगळा विषय.

सोबती कसा असावा, याचे उदाहरण आणखी जवळ आहे. सुरतेहून मुंबईकडे जाताना घोलवड स्टेशन लागते. तिथून थोड्या अंतरावर बोर्डी, आणि पुढे डहाणू तालुक्यातच कोसबाडची टेकडी. या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतीविषयक संस्था आहे, १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्रही आहे. पण टेकडीचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यामुळे. त्या शेती शिकवत नव्हत्या, बालशिक्षणाचे काम करत होत्या. तरीही नव्या शिक्षकाला सांभाळण्याच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे.

ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करायला गेल्या. गिजुभाई मूळचे वकील, नंतर शिक्षक झालेले. एक मराठी बाई एका गुजराती शिक्षकाच्या सोबतीने तयार झाली, हे आपण सुरतेच्या मराठी माणसांनी विशेष लक्षात ठेवावे. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई, वय ३५. अनुताई काही नवशिक्या नव्हत्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. पण पुण्याच्या मुलींना शिकवणे वेगळे आणि समुद्रकाठच्या खेड्यातील, पुढे डोंगरातल्या वारल्यांच्या मुलांना शिकवणे वेगळे. जागा बदलली की अनुभवी शिक्षकही पुन्हा नवा होतो, हे आपण विसरतो. माझ्या 'पाला' प्रकरणात तेच झाले होते.

१९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. तिथली मुले गुरे चारायला जात, त्यामुळे शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. असे काही एकट्या नव्या शिक्षिकेने सुचवले असते तर साध्या शाळेत तिला काय उत्तर मिळाले असते, याची मी मुख्याध्यापक म्हणून कल्पना करू शकतो. "आधी हजेरीपट पूर्ण करा." तिथे मात्र दोघी एकत्र होत्या, फसले तर दोघींचे फसणार होते. १९४५ पासून १९७३ मध्ये ताराबाई जाईपर्यंत, म्हणजे २८ वर्षे, ही सोबत टिकली. त्यानंतर अनुताईंनी काम पुढे नेले.

परदेशातलेही एक उदाहरण थोडक्यात देतो, कारण ते विश्वस्तांच्या उपयोगाचे आहे. अमेरिकेत १९१७ च्या एका कायद्याने शाळांतील शेतीशिक्षकांच्या पगारासाठी केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. त्याआधीच, १९०८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका शेतीशाळेत रुफस स्टिमसन यांनी 'घरचा प्रकल्प' ही पद्धत सुरू केली होती. मुलाने घरच्या शेतावर एखादे पीक किंवा जनावर सांभाळायचे आणि शिक्षकाने तिथे जाऊन पाहायचे. पिके उन्हाळी सुट्टीतच वाढतात, म्हणून तिथे शेतीच्या शिक्षकाला बारा महिन्यांची नेमणूक देण्याची प्रथा पडली. सुट्टीतले काम हे काम म्हणून मोजले गेले.

आता आपल्याकडचे, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत शेती शिकवायला एक तरुण बाई आल्या होत्या. हुशार, कष्टाळू. जून ते जानेवारी, सात महिन्यांत त्या सोडून गेल्या. सर्वांना आम्ही सांगितले की त्यांना दुसरी चांगली नोकरी मिळाली. ते पूर्ण खरे नव्हते. आठवड्याला ३० तासिका मी त्यांना दिल्या होत्या, कारण विज्ञानाच्या एक बाई रजेवर होत्या. बाग त्यांनी 'उरलेल्या वेळात' बघावी, असे मी म्हटले. उरलेला वेळ नव्हताच. भर पावसात त्यांनी मेथी आणि कोथिंबीर पेरली, ती सडली. दिवाळीच्या सुट्टीत वांग्याची रोपे पाण्यावाचून वाळली. सुट्टीनंतर मी बागेचे निरीक्षण केले आणि निरीक्षण वहीत लाल शाईने शेरा लिहिला. जाताना त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही सात महिन्यांत एकदा वाफ्याजवळ आलात, आणि तेव्हाही वही घेऊन आलात."

ज्याला काकांनी वाचवले होते, त्याच माणसाने हे केले. विश्वस्तांच्या 'तरी' या शब्दात त्या सात महिन्यांचा हिशेब आहे. तो माझ्या नावावर आहे, त्या बाईंच्या नाही.

म्हणून यंदा व्यवस्था बदलली आहे. नव्या शिक्षकांना पहिल्या वर्षी २२ पेक्षा जास्त तासिका दिलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी दोन सोबती ठरवले आहेत. एक आपल्या शाळेतील ज्येष्ठ विज्ञान शिक्षिका. वर्ग कसा सांभाळायचा, ५० मुलांना आठ खुरपी कशी पुरवायची, कोणत्या मुलाला बाहेर नेल्यावर डोळ्याआड करायचे नाही, हे त्या सांगतील. दुसरे सोबती आहेत आपल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. शहादा तालुक्यात चाळीस वर्षे शेती करून आता मुलाकडे डिंडोलीला राहतात. ते स्वतः चौथी शिकलेले आहेत. मी विनंती करायला गेलो तेव्हा म्हणाले, "मी काय मास्तराला शिकवू?" मी त्यांना निमाडच्या काकांची गोष्ट सांगितली. ते तयार झाले, पण एका अटीवर. मास्तरनेही त्यांना मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघायला शिकवायचा.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर तिघे वाफ्याजवळ उभे राहतील. खुर्च्या नाहीत, चहा मात्र मी पाठवणार. हा प्रकार मी 'शेतीशाळे'वरून घेतला आहे. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांचा प्रश्न सोडवताना जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या अशा शाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला शेतात जमायचे, झाडे आणि किडे नीट पाहायचे, पाहिले ते कागदावर काढायचे आणि मग काय करायचे ते मिळून ठरवायचे. आपल्याकडे वहीची दोन पाने असतील. डाव्या पानावर 'या आठवड्यात वर्गात काय झाले', उजव्या पानावर 'मातीत काय झाले'. ही वही मी मागणार नाही. दोन्ही सोबत्यांना शिक्षकांबद्दल मी काही विचारणार नाही, वार्षिक अहवालासाठी तर मुळीच नाही. ज्याच्याजवळ आपली चूक बोलायची, तोच आपल्या पगारवाढीचा कागद लिहिणार असेल तर चूक कोण बोलेल?

आणखी एक छोटी गोष्ट. एक वाफा आम्ही 'फसण्याचा वाफा' म्हणून राखून ठेवला आहे. नवे शिक्षक तिथे काहीही करून पाहू शकतात. त्या वाफ्यात काही उगवले नाही तर कोणी कारण विचारणार नाही, मीही नाही. माझ्या एका सहकाऱ्यांना ही कल्पना हास्यास्पद वाटते. वाटू द्या.

महाविद्यालयाचे आणि संशोधनाचे दार बंद होऊ नये म्हणून अठवा फार्मवरील कृषी विज्ञान केंद्राशी आणि नवसारी कृषी विद्यापीठाशी संपर्क ठेवायचा आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे, आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी बागकामासारखी हातकामे दप्तराविना दहा दिवस करून पाहावीत असेही सुचवले आहे. ५० तासांत काही तास अठवा फार्मच्या शेतात गेले तर चांगलेच.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम आहे. पाऊस उघडल्यावर मातीच्या लाडवाची परीक्षा घरच्या कुंडीत नाही, जमिनीत करून पाहा आणि किती दिवसांनी वापसा आला ते लिहून आणा. काळी माती आणि रेताड माती यांत किती दिवसांचा फरक पडतो ते पाहणे मजेचे आहे. पेरण्याआधी बियांची उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर भेंडीच्या १०० बिया दहा-दहाच्या ओळींत मांडा, गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवा, आठवड्याने मोजा. ७० उगवल्या की ९०, त्यावर किती दाट पेरायचे ते ठरेल. माझ्या सोयाबीनच्या वेळी मी तेही केले नव्हते. आणि घरी शेतीकामाला जे अहिराणी शब्द आहेत, ते सरांना येऊन सांगा. ते तुमची परीक्षा घेतील, पण शब्द तुम्ही त्यांना शिकवा.

पालकांच्या प्रश्नाकडे येतो. तुमचे म्हणणे खरे आहे. लूमवर बारा तासांची पाळी करणारा माणूस हौसेने गाव सोडत नाही. मुलांना परत नांगरामागे पाठवण्यासाठी हा विषय नाही. पण आपल्यातील पुष्कळांच्या गावच्या सातबाऱ्यावर अजून नाव आहे. दिवाळीला गेल्यावर भाऊ म्हणतो ठिबक बसवू, कोणी म्हणतो बटाईने देऊ, कोणी म्हणतो विकून टाकू. त्या बैठकीत आपल्या मुलाला जमिनीतले काही कळत असेल तर त्याला गप्प बसावे लागणार नाही. शिवाय बियाणे, रोपवाटिका, अन्नप्रक्रिया, शीतगृहे यांतली कामे शहरातच आहेत. हिवाळ्यात सुरतेत रांगा लावून आपण जो पोंक खातो, तो म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच ना? कोणीतरी तो वेळेवर पेरतो, म्हणून आपल्याला मिळतो.

मा. विश्वस्तांना माझी विनंती लेखी दिलेली आहे, इथे सर्वांसमोर पुन्हा मांडतो. कंत्राटी शिक्षकांची नेमणूक आपण आजवर जून ते एप्रिल अशी करत आलो. मे महिन्याचा पगार देत नाही. शेतीच्या शिक्षकाची नेमणूक बारा महिन्यांची करावी. मेमध्ये त्यांनी वाफे उन्हात तापवून घ्यावेत, शेणखत घालावे, बियाणे तपासावे आणि जूनच्या धांदलीआधी तयार असावे. दिवाळीच्या सुट्टीत पाण्यासाठी आठवी-नववीच्या मुलांची पाळी लावली आहे, पण पाळी तपासायला एक मोठा माणूस हवा. त्याचाही थोडा मोबदला धरावा. ज्या वर्षी बाई सोडून गेल्या, त्या वर्षी जाहिरात, मुलाखती आणि पुन्हा नवीन माणूस यांत किती खर्च झाला तो आकडा कार्यालयात आहे. तो सभेत वाचून दाखवावा, असे मी स्वतः सुचवतो. निर्णय पुढच्या महिन्याच्या सभेत होईल.

तोवर शनिवारच्या बैठका सुरू राहतील. पहिली बैठक येत्या शनिवारी सकाळी साडेअकराला, इमारतीमागच्या वालाच्या वाफ्याशी. ज्या पालकांना यावेसे वाटेल त्यांनी जरूर यावे, फक्त चपला चिखलाच्या चालतील अशा घालाव्यात. आजोबांचा कालच निरोप आला आहे की शुक्रवारी पाऊस झाला तर शनिवारी नुसते बोलू, कुदळ कोणी लावायची नाही.

आपला,
मुख्याध्यापक